ड्रायव्हरच्या बाजूचा उकाडा

२२ एप्रिल

अभयच्या मते गाडीचा एसी गेला. माझ्या मते गेलेला नाही. लेक निकिता मागे हेडफोन घालून बसलेली, म्हणजे तिचं मत नाही.

हडपसर ते कोथरूड हा सारखा 'उकडतंय, उकडतंय', आणि शेजारी मी ओढणी गळ्याभोवती गुंडाळून. म्हटलं, मला तर थंडी वाजतेय. तर म्हणतो, "तुझ्या बाजूला येतंय गार. माझ्या बाजूला नाही!" एवढीशी गाडी, हात लांब केला तर पलीकडच्या काचेला लागतो — त्यात दोन हवामानं!

२४ एप्रिल

अभय व्हिडिओ बघून अभ्यास करतोय. आज जेवताना सांगितलं : डॅशबोर्डच्या आत एक झडप असते. हीटरची गरम हवा किती आणि एसीची गार हवा किती, ते ती ठरवते. ती अर्ध्यात अडकली की ड्रायव्हरकडे गरम हवा येते. पोळीची घडी उघडून-मिटून दाखवलं. लग्न झाल्यापासून त्याने मला इतकं नीट काहीच समजावलं नव्हतं.

२७ एप्रिल, रविवार

हिंदुरावांच्या गॅरेजमध्ये. त्यांनी समोरचा कप्पा काढला, मागचा फिल्टर ओढला. वाळकी पानं, केस, धूळ, उंदराने कुरतडलेला कापूस! आठ वर्षं आम्ही यातून गाळलेला वारा खात होतो. नवा फिल्टर बसवला. वारा दुप्पट. माझी ओढणी उडाली.

"बघ, म्हटलं नव्हतं?" — अभय. मगरपट्ट्याच्या सिग्नलला पुन्हा रुमाल बाहेर.

३० एप्रिल

एसीचा गॅस भरून आणला. आता माझ्या बाजूला स्वेटर हवा. त्याला? "थोडा फरक आहे." हे तो आजारी माणसाच्या नातेवाइकांसारखं म्हणतो.

४ मे

निकिताचा केकचा थर्मामीटर अभयने एसीच्या जाळीत खोचला. आधी माझ्या बाजूच्या, मग स्वतःच्या. आकडा तोच.

निष्कर्ष : थर्मामीटर खराब आहे.

१२ मे, बुद्धपौर्णिमा

सगळे पांढऱ्या कपड्यांत विहाराकडे निघालो. सासूबाई मागे, निकिताजवळ. अभयचा सदरा पोचायच्या आतच पाठीला चिकटलेला. त्याने एसी पूर्ण वाढवला. सासूबाई म्हणाल्या, "अभय, अरे बारीक कर ते. माझे गुडघे गारठले."

"आई, तू गप्प बस ना जरा!"

असं तो आईशी कधी बोलत नाही. कधीच. वंदनेच्या वेळी मी त्याच्याकडे बघितलं, तर डोळे मिटून हा नुसता घाम पुसतोय. घरी आल्यावर आईच्या पायांशी जाऊन बसला, माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुला झोप मिळत नाही का रे?"

मला वाटलं, ऑफिसचं टेन्शन. मला नेहमी तेच वाटतं. सोयीचं असतं.

१९ मे

अवकाळीने हवा गार झालीय. सोसायटीतले लोक गाड्यांच्या काचा उघड्या टाकून हिंडतायत. आमच्याकडे फुल एसी.

अभयने जाहीर केलं : झडपच आहे. डॅशबोर्ड उतरवावा लागणार.

म्हटलं, अख्खी गाडी सोलण्याआधी एक काम करू. उद्या जागा बदलू. मी चालवते, तू माझ्या जागी बस. माझ्या बाजूला गार येतं ना? खा मग गार वारा! हे मी जिंकण्यासाठी म्हटलं होतं. खरंच.

२० मे

निकिताला वाघोलीला मैत्रिणीकडे सोडायचं होतं. मी चालवायला बसले. खराडीपर्यंत माझी बोटं स्टिअरिंगवर काकडली. झडप-बिडप काही अडकलेलं नाही, ड्रायव्हरची बाजू म्हणजे नुसता फ्रीज! मी विजयाने डावीकडे वळून बघितलं.

अभय सगळ्या जाळ्या स्वतःकडे वळवून बसला होता. कपाळावरून घाम ओघळत होता.

"इकडेही बिघडलंय," तो म्हणाला.

मागून निकिताने हेडफोन काढला. "मम्मी, प्रॉब्लेम पप्पांसोबत शिफ्ट झालाय."

ती हसली. मीही हसणारच होते. मग त्याने एसीचं बटण फिरवायला हात पुढे केला, आणि तो हात थरथरत होता. घड्याळ मनगटावरून खाली घसरून तळव्यापर्यंत आलं होतं. बारीक झालास, छान दिसतोस, असं महिनाभर मीच म्हणतेय! पट्ट्याला नवं भोक त्याने माझ्यासमोर पाडलं.

मागचा टेम्पो हॉर्न वाजवत राहिला. सिग्नल सुटल्याचं मला कळलंच नाही.

२१ मे

"मला काहीही झालेलं नाही." — अभय, डॉक्टर नम्रतांच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर. पायऱ्या मोजून सहा. दोनदा थांबला.

डॉक्टरांनी नाडी धरली, घड्याळाकडे बघत दोनदा मोजली. मग त्याला हात पुढे करायला सांगून बोटांवर कागद ठेवला. कागद पानासारखा हलायला लागला. रक्त तपासायला दिलं. ईसीजी लगेच काढला.

येताना मी चालवलं. एसी पूर्ण ठेवला. थंडी वाजतेय म्हणाले नाही.

२३ मे

रिपोर्ट आला. थायरॉइडची ग्रंथी गरजेपेक्षा फार जास्त काम करतेय. म्हणून घाम, म्हणून चिडचिड, म्हणून वजन कमी. गोळ्यांनी आटोक्यात येईल, पण हृदयावर ताण पडलाय, आणखी उशीर बरा नव्हता, असं डॉक्टर म्हणाल्या. सासूबाईंना सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "बरा होईल ना?" हो म्हटलं. निकिता त्याच्याजवळ जाऊन बसली, मोबाइल न घेता.

आणि मी महिनाभर इथे विनोद लिहितेय.

२४ मे

सकाळी चहा घेताना अभय म्हणाला, "फेब्रुवारीपासून छातीत धडधडतंय. मला माहीत होतं, काहीतरी आहे."

मग गॅरेजच्या इतक्या फेऱ्या कशाला मारल्यास?

कप खाली ठेवून म्हणाला, "वाटायचं, गाडीतच काहीतरी निघू दे."