तीन पिढ्या, एक पदार्थ आणि एक टोमॅटो

रविवार, १८ मे २००८. सकाळी ११.

न्यू जर्सीहून लेकीची, रुपाची मेल आली. या वेळी ह्यांना हाक न मारता मी स्वतः कॉम्प्युटर लावला आणि स्वतः वाचली. नोंद असावी.

न्यू जर्सीतली मराठी कुटुंबं मिळून ऑनलाइन खाद्य महोत्सव भरवणार आहेत. सगळं इंटरनेटवर. मुलांसाठी भाज्यांचं फॅन्सी ड्रेस, कुटुंबांची प्रश्नमंजुषा, आणि शेवटी आपापल्या घरी स्क्रीनसमोर बसून सगळ्यांनी एकत्र जेवायचं. मुख्य कार्यक्रम 'तीन पिढ्या, एक पदार्थ'. आजीने भारतात कॅमेऱ्यासमोर रांधायचं, नातवंडाने तिकडे तसंच करायचं, आईने मध्ये बसून दोघींना जोडायचं. प्रत्येक घराला वीस मिनिटं. बाकीची कुटुंबं बघणार. शनिवार १४ जून, आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा.

मेलच्या शेवटी रुपाने लिहिलंय की जुलैत त्यांना सुट्टी आहे, पण माझी नात अक्षदा इथे शहापूरला यायला तयार नाही. म्हणते, तिकडे मी कुणाला ओळखत नाही. सात वर्षांची झाली. इथे आली होती तेव्हा तीन वर्षांची होती, माझ्या पदराला नाक पुसायची. "कार्यक्रमात तुमची गट्टी जमली तर तिकिटं काढते. नाहीतर या वर्षी आम्ही फ्लोरिडाला जाऊ," असं रुपा लिहिते.

म्हणजे फ्लोरिडा विरुद्ध मी. मला बिलकूल काळजी वाटत नाही.

मंगळवार, २० मे.

पदार्थ कोणता, यावर विचार. मला काय येत नाही? कॉन्व्हेंटमध्ये कुकरीत मी पहिली आले होते. सिस्टर अगाथांनी माझा व्हाइट सॉस साऱ्या वर्गाला दाखवला होता. एकही गुठळी नव्हती.

ह्यांनी पेपर खाली न घेता विचारलं की मी शेवटचा स्वयंपाक कधी केला होता. मी म्हटलं, शहाण्णव साली, सकुबाई भाचीच्या लग्नाला गेली होती तेव्हा आठवडाभर कुणी केला? हे म्हणाले, "तो आठवडा मला आठवतो."

सकुबाई आपल्याकडे बावीस वर्षं मदतीला आहे. मदतीला. मार्गदर्शन माझंच असतं.

गुरुवार, २२ मे.

ठरलं. शेवळं.

तिकडच्या आज्या पुरणपोळ्या आणि मोदक करतील. शेवळं कुणाकडे नसणार. जूनच्या सुरुवातीला दोन-तीन आठवडे रानात उगवतात, मग वर्षभर नाव नाही. हे तानसा धरणावर नोकरीला होते तेव्हा रानभाज्या विकणारी जिवली क्वार्टरच्या मागच्या दाराशी टोपली घेऊन यायची. रुपा सहा वर्षांची असेल. त्या लांब, टोकदार, जांभळट कळ्यांना ती मेणबत्त्या म्हणायची आणि पायरीवर ओळीने उभ्या करून बाहुलीचा वाढदिवस करायची. भाजी व्हायची ती उरलेल्या मेणबत्त्यांची.

आज हे लिहिताना डोळे भरून आले. कार्यक्रमात ही आठवण इंग्रजीत सांगायची. इथे माझं कॉन्व्हेंट कामी येणार. इतर आज्यांना दुभाषी लागेल, मला नाही.

रविवार, २५ मे.

अक्षदाला मेल केली. तिकडे शेवळं मिळत नाहीत, तेव्हा तू ॲस्परॅगस घे, दिसायला तशीच असते. सोबत माझ्या बालपणावर थोडं लिहिलं. दोन पानं. कॉमा, सेमीकोलन सगळं जागच्या जागी.

तिचं उत्तर आलं: "ok".

मितभाषी आहे. माझ्यावर गेली नसावी.

रविवार, १ जून.

वेबकॅमची प्रॅक्टिस. पलीकडच्या घरातली दिपाली मदतीला आली. बाजारपेठेत तिचा कॉम्प्युटर क्लास आहे, अर्ध्या शहापूरला तिने माउस धरायला शिकवलंय. तिने कॉम्प्युटर ओढत स्वयंपाकघराच्या दारात आणला. पहिली पाच मिनिटं तिकडे फक्त माझं कपाळ दिसत होतं, असं नंतर कळलं.

मी अक्षदाशी इंग्रजीत बोलले. हवामान, शाळा, तिचे छंद. ती ऐकत राहिली. मग मान वळवून तिने आईला विचारलं, आजी कोणत्या भाषेत बोलते आहे. रुपा म्हणाली, "इंग्लिश, बेटा."

लाइन खराब होती.

गुरुवार, ५ जून.

सकुबाईशी बैठक. तिला तिचं काम समजावून सांगितलं. कॅमेऱ्याच्या बाहेर, गॅसच्या डावीकडे बसायचं आणि मी मागेन ते पुढे सरकवायचं. हात दिसला तर चालेल, चेहरा नको. नियमाप्रमाणे तीनच पिढ्या.

ती म्हणाली, "मंग रांधायचा कोनी?"

मी म्हटलं, "मी."

ती म्हणाली, "बरा. गॅस मी पेटवून ठेवते."

दुधीवर प्रॅक्टिस केली. दुधी करपला, पण वेळ अठरा मिनिटं आली. वेळ महत्त्वाची.

मंगळवार, १० जून.

जिवली आली. डोक्यावर टोपली, पानात बांधलेल्या शेवळांच्या जुड्या. दोन घेतल्या. तिने न विचारता वर ओंजळभर काकडं टाकली. आवळ्याएवढी हिरवी, आंबट रानफळं. शेवळांबरोबर ती देतातच, दोन्ही मिळूनच विकायची रीत आहे इकडे.

सकुबाईने कृती सांगितली. हाताला तेल लावा. कळी सोला, आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाका. बारीक चिरा. काकडं ठेचा, बिया काढा, त्यांचा रस भाजीत घाला.

आता प्रश्न असा. काकडं ठेचणं म्हणजे पाटा-वरवंटा, शिंतोडे, चिकट हात. न्यू जर्सीसमोर? शिवाय त्यांचा रंग अगदीच मळकट. आणि आंबटपणाच हवा तर सिस्टर अगाथा सांगायच्या की ॲसिड इज ॲसिड. मी एक टोमॅटो घालणार. लालभडक. कॅमेऱ्यात उठून दिसेल.

सकुबाई म्हणाली, "बाई, काकडांबिगर शेवळा घसा धरतील. जीभ खाजंल. आमच्यात पोराटोरांना ठाव हाय."

तिला ॲसिडचं शास्त्र समजावलं. ती म्हणाली, "तुमची सिस्टर शेवळा खायची का?"

जुन्या समजुतींशी वाद घालता येत नाही.

ट्रायल घेतली नाही. दोनच जुड्या आहेत.

शुक्रवार, १३ जून.

सगळी तयारी चोख. साडी: नारळी काठाची, कारण बारीक नक्षी कॅमेऱ्यात हलते असं दिपाली म्हणते. भाषण: आठ मिनिटं, पाठ. लोडशेडिंग: उद्या तीन ते सहा. म्हणजे साडेसहाला वीज असणार. हे म्हणाले, वेळापत्रक त्या लोकांनी लिहिलंय, पाळायचंही त्यांनीच आहे. निराशावादी माणूस. दिपालीने क्लासमधला यूपीएस आणून जोडला आहे. वीज गेलीच तर पाच मिनिटं मिळतील.

ह्यांनी जाता जाता विचारलं, पोरीला काय बोलायचं ते ठरलंय का. मी म्हटलं, आठ मिनिटं ठरलंय. ते म्हणाले, "तिला, म्हटलं मी. लोकांना नाही."

मला थोडी धडधड होते आहे. ॲसिडिटी असावी.

रविवार, १५ जून. सकाळी ७.

काल लिहायची इच्छा नव्हती. आज लिहिते. क्रमाने.

साडेसहाला स्क्रीनवर अक्षदा आली. प्रश्नमंजुषा आणि फॅन्सी ड्रेस आधी होऊन गेले होते, त्यामुळे ती भेंडी होती. हिरवा झगा, डोक्यावर देठ. कंटाळलेली भेंडी. "हाय आजी," म्हणाली आणि देठ खाजवत बसली.

मी चिरायला घेतलं. ठरल्याप्रमाणे भाषण सुरू केलं. तानसाची पायरी, मेणबत्त्या, बाहुलीचा वाढदिवस. रुपा खाली बघत होती. अक्षदा ॲस्परॅगस एकमेकींवर रचत होती. पंधराव्या मिनिटाला भाजी झाली. टोमॅटो खरोखर सुंदर दिसत होता. गॅसच्या डावीकडून सकुबाई हळूच म्हणाली, "बाई, नका." मी चमचाभर घेतला, कॅमेऱ्याकडे बघून हसले आणि खाल्ला. चव चांगली होती. हे मी आजही म्हणेन.

मग घशात कुणीतरी काथ्या फिरवायला लागलं.

मी बोलायला गेले तर आवाजच नाही. जीभ बाहेर काढली, आत घेतली, परत काढली. पदराने पुसली. डोळ्यांतून पाणी. अमेरिकेतली सगळी मराठी कुटुंबं बघत असताना मी स्वतःच्या गळ्याला चिमटे काढत होते.

सकुबाई उठून सरळ कॅमेऱ्यासमोर आली. तिने काकडं ठेचून वाटीत तयारच ठेवली होती. "आ करा," म्हणाली. मी आ केला. तिने गोळा तोंडात कोंबला. आंबट म्हणजे किती आंबट असावं. माझा एक डोळा मिटला तो उघडेना, खांदे कानांना लागले.

"सांगतलं होतं का नाय? टोमॅटू म्हने," सकुबाई म्हणाली. हे सगळं लाइव्ह गेलं.

आणि मग तिकडून आवाज आला. भेंडी हसत होती. स्टुलावरून खाली गेली, फक्त देठ दिसत होता, तोही हलत होता. वर येऊन तिने एक डोळा मिटून, खांदे कानाला लावून मला दाखवलं. सकुबाईने तिला दाखवलं. अक्षदाने परत सकुबाईला. एकीला मराठीसुद्धा शहापूरचंच येतं, दुसरीला ते येत नाही, आणि दोघींचं पाच मिनिटं बोलणं चाललं होतं. रुपा डोळे पुसत हसत होती. असं हसताना मी तिला तानसा सोडल्यापासून पाहिलं नव्हतं.

वीज गेली. यूपीएस वाजायला लागला. घसा मोकळा झाला होता, भाषणाचा शेवट बाकी होता, तो मी म्हणून टाकायचं ठरवलं. "डिअर अक्षदा" एवढं झालं आणि स्क्रीन काळी पडली. पाच मिनिटं ही दिपालीची जाहिरात होती.

ह्यांनी कंदील लावला. सकुबाईने दुसऱ्या जुडीची भाजी काकडं घालून केली. आम्ही जेवलो. भाजी फार छान झाली होती.

मंगळवार, १७ जून.

मेल नाही. आठ वेळा बघितलं. वीज असताना पाच वेळा, नसताना तीन.

फ्लोरिडाला समुद्र चांगला असतो म्हणे. मुलांना समुद्र हवाच. आपल्याकडे काय आहे? तलाव, तोही लांबून बघायचा.

गुरुवार, १९ जून. दुपारी ४.

मेल आली. आम्हाला बक्षीस मिळालं. 'मुलांची पसंती', पहिला क्रमांक. सर्टिफिकेट जोडलंय. मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हे खांद्यावरून वाकून पुढची ओळ वाचत होते, ती मी वगळली होती. "आजींच्या अप्रतिम विनोदी अभिनयासाठी." काही घरांना वाटलं, सगळं आधी बसवलेलं होतं. त्यांना तसंच वाटू दे, असं रुपाला कळवलं आहे.

आणि तिकिटं काढली. पाच जुलैला येतात. अक्षदाने शाळेत सगळ्यांना तो चेहरा करून दाखवला. तिला त्या घरात जायचं आहे जिथे ती दुसरी आजी आहे. रुपाने लिहिलंय, "सकुबाई असतील ना?"

दुसरी आजी. बरं.

सायंकाळी ६.

सकुबाईला सांगितलं. तिला आनंद झाला, पण म्हणाली, "पाच जुलैला मी कुठं हाय हितं? आवणी हाय ना." खरंच. भाताची लावणी. दर जुलैला ती आटगावला स्वतःच्या शेतावर जाते, तीन आठवडे. बावीस वर्षं जाते आहे आणि मी आज प्रथमच हिशेबात धरलं.

मी म्हटलं, एवढं एक वर्ष पुढे ढकल. ती म्हणाली, "भात थांबल का बाई? पोरीला घेऊन तुमीच या. चिखलात खेळंल. कोंडूला सांगते, तो तिला आवणी शिकवील." कोंडू तिचा नवरा. "भाकरी, चिंबोऱ्या, काय ता मी रांधीन."

मी विचारलं, मी काय करू. चुलीपाशी तुला मदत करीन. भाकऱ्या मला जमतील, पिठाचा नुसता अंदाज लागतो.

सकुबाईने घाईघाईने मान हलवली.

"तुमी चुलीपाशी नका येऊ," ती म्हणाली. "तुमी पोरीपाशी बसा. तिला हसवा. ता तुमाला चांगला जमता."

मी बरं म्हटलं.