‘ल्युबित्सा’वरची तोफ

२८ ऑगस्ट
बेटावरच्या समस्त वक्त्यांनो (हजर: मी एकटाच), आपल्यावर घोर अन्याय झाला आहे! स्मारक समितीचा ठराव: यंदापासून स्मृतिदिनी ‘ल्युबित्सा’वर जो बुडी मारून पुष्पचक्र ठेवेल, भाषण त्याचंच. चव्वेचाळीस साली विमानांनी बुडवलेलं हे जहाज सव्वीस वर्षं मी गावाच्या डोळ्यांपुढे उभं करतोय. सहा मीटर खाली, समुद्रावर रोखलेली तोफ, तोफेमागे माझे आजोबा! स्वतः पाण्यात उतरलो नाही, ते निव्वळ सवड नव्हती म्हणून.

१ सप्टेंबर
डायव्हिंगचा पहिला धडा. शिकवणारी नीवेस, माझीच जुनी विद्यार्थिनी. म्हणाली, “घाबरू नका सर, शाळकरी पोरंही जातात तिथं.” घाबरतंय कोण? टाकीतली हवा इतरांना पन्नास मिनिटं पुरते. माझी अकरा मिनिटांत संपली. छाती वक्त्याची आहे!

५ सप्टेंबर
नऊ मिनिटं. नीवेस म्हणते, “सर, तुम्ही पाण्याखाली बोलता.” साफ खोटं. उजळणी करत होतो.
संकल्प: मौन. उद्यापासून.

९ सप्टेंबर
यूगो सुटलाय. या वाऱ्यात आमच्याकडे शहाणी माणसं कुठलंच काम काढत नाहीत. सराव रद्द. भाषण चार पानांनी वाढवलं.

१३ सप्टेंबर
दिवसभर धक्क्यावर येरझाऱ्या. तोंका आत्या (आजोबांची लेक, वय ऐंशी) जाळं सांधता सांधता म्हणाली, “अरे बस की, दगड झिजले. मी ठेवून येऊ फुलं?” कीव आली बिचारीची.

१४ सप्टेंबर, दुपारी
अख्खं गाव बोटींवर. उतरलो. तीन मीटरवर ‘ल्युबित्सा’ खरंच दिसली आणि राहवेना. “बंधुभगिनींनो,” म्हणालो. त्यासाठी तोंडातली नळी काढावी लागली.
नीवेसनं मला वर ओढलं. पुष्पचक्र माझ्याआधीच तरंगत वर पोचलं होतं. शिसं बांधायचं राहिलेलं.
आत्यानं पाण्यातला चष्मा चढवला, चक्राला दगड बांधला, एका दमात ठेवून आली. म्हणजे भाषण तिचं. निथळत एवढंच म्हणाली, “बाबा, कांदे पोचले नाहीत. पण आम्ही जगलो.”
टाळ्या नाहीत. सगळ्यांनी टोप्या काढल्या.

संध्याकाळी
कांदे? आत्याला विचारलं. “मग काय! पोती चढवताना मी होते की. शिट्टी वाजवत गेला माझा बाप.” आणि तोफ? “तोफ कसली, धुराडं आहे ते.” इतकी वर्षं बोलली का नाहीस? “तू थांबायचास कुठं?”

तेव्हा समस्त वक्त्यांनो (हजर: मी एकटाच), उद्या सकाळी सातला चष्मा घेऊन आत्याच्या दारी हजर व्हा.