पंख्याचा आवाज

बुधवार, संध्याकाळ

सलीमच्या गेमिंग कॉम्प्युटरचे भाग निवडायला आज दुकानात गेलो होतो. सर्वांत ताकदवान ग्राफिक्स कार्ड घे, म्हणून मी त्याला भाषणच दिलं. तो मात्र प्रत्येक कार्डाबद्दल एकच विचारत होता, "याच्या पंख्याचा आवाज किती?"

"अरे, गेम खेळायचाय की ध्यान लावायचंय?"

"शेजारच्या खोलीत अब्बा असतात. धाप लागली की त्यांना हाक मारता येत नाही, नुसते खोकतात. ते ऐकू यायला हवं. तुझं भाषण संपलं असेल तर हे शांतवालं घेऊ?"

तेच घेतलं. हेडफोन त्याने घेतलेच नाहीत.

पंख्याचा आवाज. मला का सुचलं नाही? उद्या कॉम्प्युटर जोडला की आधी गेम लावायचा नाही. गप्प बसून शेजारच्या खोलीकडे कान द्यायचे. मीसुद्धा.