मामांचा बेकरीचा वर्ग

मामा,

नगर नाक्यावर उतरलं की कॉलेजकडं जाणारा रस्ता आता डांबरी झालाय. बसच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर लिहितात, तुमच्या वेळी औरंगाबाद होतं. बाकी कन्नडहून यायला वेळ तेवढाच लागतो आणि खुलताबादच्या घाटात मला अजून तसंच मळमळतं. सुनेनं सासऱ्याला पत्र लिहायची आपल्याकडं पद्धत नाही, आणि सासरा जाऊन इतकी वर्षं झाल्यावर तर मुळीच नाही. तरी लिहिते. आज दुकानात काम कमी आहे. पाण्याच्या दोन मोटारींना वार्निश देऊन उन्हात ठेवलंय, ते वाळेपर्यंत मी मोकळीच आहे.

मोटारीपासूनच तर सगळं सुरू झालं. त्या उन्हाळ्यात विहिरीवरची मोटार दोनदा जळाली. कन्नडच्या मिस्त्रीनं दोन्ही वेळा उद्या या, परवा या केलं, आणि तोवर अद्रकाचं पीक पिवळं पडत गेलं. तुम्ही ओट्यावर बसून कुणाला तरी, म्हणजे खरं तर सगळ्या घरालाच ऐकवलंत, "घरात बारावी सायन्स झालेली सून हाय, अन् आपुन मोटारीसाठी लोकाच्या दारात उभं राह्यचं." मी चुलीपुढं होते. माझ्या तोंडातून निघून गेलं, "मग मी शिकते की." त्या घरात तुम्हाला कुणी उलट बोलत नसे. आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, परातीतला हात थांबला. तुम्ही आत आलात की सगळ्यांचं बोलणं थांबायचं, तसंच तेव्हाही झालं, आणि तुम्ही चप्पल घालून शेताकडं निघून गेलात. मला वाटलं, संपलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तुम्ही पिशवी खाली ठेवता ठेवता म्हणालात, "छावणीच्या पुढं एक कॉलेज हाय. कम्युनिटी कॉलेज म्हणत्यात. धा-धा वर्षं शाळा सुटलेल्यांनाबी घेत्यात. मोटार भरायचं शिकवत्यात तिथं. सोमवारी जायचं." जळालेली तार काढून नवी तार भरायची, ते काम. आत्याबाई म्हणाल्या, "तरणी बाई रोज एकटी शहरात जाणार व्हय?" तुम्ही म्हणालात, "एकटी कशाला? मी हाय की." विषय तिथंच मिटला. तुमचा मुलगा एमआयडीसीत कामाला, रविवारी घरी यायचा. त्याला हे पुढच्या रविवारी कळलं.

मला ते आवार अजून पहिल्या दिवसासारखं दिसतं. पुढं बैठ्या इमारती, मागं भाजीपाल्याचे वाफे, रोपवाटिकेची हिरवी जाळी, शेळ्यांचा गोठा. एका खोलीतून शिवणयंत्रांचा आवाज येतोय, दुसरीतून वेल्डिंगचा वास. आमच्या वर्कशॉपमध्ये सगळी मुलं, बाई मी एकटी. तुम्ही समोरच्या लिंबाखाली बसलात, काठी आडवी मांडीवर घेऊन, आणि वर्कशॉपच्या दाराकडं बघत राहिलात. दुसऱ्या दिवशीही तसेच. मुलं माझ्याशी बोलेनात, शिकवणारे सर मला प्रश्न विचारेनात. तिसऱ्या दिवशी प्राचार्या मॅडम स्वतः बाहेर आल्या. "बाबा, विद्यार्थी नसलेल्या माणसाला आवारात असं बसता येत नाही," असं त्या म्हणाल्या. तुम्ही म्हणालात, "मंग घाला माझं नाव." त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. रोपवाटिकेत जागा आहे, शेळीपालनात आहे, असं त्या सांगू लागल्या. तुम्ही एकदम ताठ झालात. "शेतीचं मला कोण शिकवणार? जन्म गेला त्यात. दुसरं काय हाय?" दुसरं म्हणजे बेकरी होती. त्या बॅचला मुलं मिळत नव्हती.

अशा रीतीनं, मामा, साठी उलटलेला, गावात ज्याचा शब्द कुणी खाली पडू देत नसे असा माणूस अठरा-वीस वर्षांच्या पोरांबरोबर मैदा मळायला लागला. डोक्याला कापडी टोपी घालायचा नियम होता. तुम्ही म्हणालात, "माझी हायच की डोक्यावर, पांढरीच हाय." तेवढं त्यांनी चालवून घेतलं. शिकवणारे उस्ताद छावणीतलेच, बापजाद्यांपासून भट्टीवर काम केलेले. वर्कशॉपच्या खिडकीतून त्यांचा आवाज ऐकू यायचा, "चाचा, मैदे कू गुस्सा नक्को दिखाओ. हलका हाथ. हौ, ऐसा." तुम्हाला असं कुणी बोललेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. आता काहीतरी होणार, असं वाटलं. काहीच झालं नाही. थोड्या वेळानं पुन्हा आवाज आला, "नक्को ना चाचा, फिर से मळो." तुम्ही पुन्हा मळत होता.

तुम्ही बेकरीत गेल्यावर माझ्या वर्गातल्या मुलांची जीभ सुटली आणि मी शिकायला लागले. तार मोजून गुंडाळायची, कागद लावून खाचेत बसवायची, टोकं जोडायची. पहिली पूर्ण मोटार मी भरली ती चाचणीला लावली तर नुसती घुमली, गरम झाली आणि धूर निघाला. पोरं हसली. मी बाहेर येऊन नळापाशी उभी राहिले. तुम्ही बेकरीच्या दारात आलात, कोपरापर्यंत मैदा. मला वाटलं जवळ याल, काही बोलाल. तुम्ही तिथूनच म्हणालात, "रडायचंच व्हतं तर घरी काय जागा नव्हती?" आणि आत गेलात. त्या दिवशी बसमध्ये मी खिडकीकडं तोंड करून बसले. मी पुष्कळ दिवस मनात राग धरला. मोटार मात्र दुसऱ्या दिवशी सोडवून पुन्हा भरली. एक जोडणी उलटी झाली होती.

घरी तुम्ही परसात विटा-मातीची छोटी भट्टी बांधलीत. पहिले पाव झाले ते आत्याबाईंनी हातात घेऊन पाहिले आणि म्हणाल्या, "पाव आजाऱ्याला देत्यात. घरात कोण आजारी हाय?" त्यांनी शेवटपर्यंत खाल्ला नाही. नानकटाई मात्र कुणी बघत नसताना खायच्या. मग एका रविवारी तुमचा मुलगा जेवता जेवता म्हणाला, "दादा, आता बास करा. माझ्या कंपनीत गावची पोरं हायेत. लोक नावं ठेवत्यात."

"काय म्हणत्यात?"

"म्हातारा पाव भाजतो म्हणत्यात."

"भाजतो म्हणूनच म्हणत्यात ना? न भाजता म्हणले असते तर राग आला असता." एवढं बोलून तुम्ही भाकरी चुरून खायला लागलात. त्यानं माझ्याकडं पाहिलं, जणू हे सगळं मी केलंय. मी पाणी आणायला उठले. त्या घरात न बोलण्यासाठी पाणी आणायला उठणं ही मोठी सोय होती.

माझा कोर्स संपला आणि कन्नडला बाजाराच्या रस्त्यावर आपण हा गाळा घेतला. पहिले काही महिने लोक मोटार आणायचे आणि मिस्त्री कुठं गेला म्हणून विचारायचे. तुम्ही बाकड्यावर बसलेले असायचात. "ह्याच मिस्त्री," म्हणायचात, बस्स. त्यापुढं कुणाची हिंमत व्हायची नाही. मग हळूहळू तुमचं दुकानात येणं कमी झालं. कधी पपईची रोपं बघायला शहरात जायचं असायचं, कधी दवाखाना. एकदा तांब्याची तार आणायला मी शहरात गेले होते. येताना नगर नाक्यावर उतरले, कॉलेजात सगळ्यांना भेटावं म्हणून. बेकरीच्या खिडकीपाशी आले आणि तुम्ही दिसलात.

बॅच नवीन होती. सगळी पोरं अनोळखी. तुम्ही बाह्या वर करून मधोमध उभे होता आणि तुमच्या हातातला ट्रे वाकडा झाला होता. खारी एका बाजूला करपली होती. एक पोरगी म्हणाली, "आजोबा, तुम्हाला एवढं सांगितलं व्हतं ना!" आणि तुम्ही हसलात. नुसतं मिशीत नाही. डोळे मिटून, पोट हलवून, ट्रे खाली ठेवून हसलात. उस्ताद हसत होते, पोरं हसत होती. मी तुमच्या घरात इतकी वर्षं राहत होते आणि तुम्हाला असं हसता येतं हे मला ठाऊक नव्हतं. मी कुणालाच न भेटता परत फिरले. संध्याकाळी तुम्ही घरी आलात, हातपाय धुतलेत आणि म्हणालात, "दवाखान्यात लई गर्दी." मी म्हणाले, "व्हय का."

तुम्ही गेलात तेव्हा फार दिवस अंथरुणात नव्हतात, हे बरं झालं. तेराव्याच्या आधी उस्ताद गावात आले. ओट्यावर कुणाकुणाशी त्यांचं बोलून झाल्यावर मी चहा घेऊन गेले तेव्हा ते हळू म्हणाले, "बेटी, चाचा बोलते थे, घर में मेरे से सब डरते. गाँव में भी डरते. यहाँ कोई नै डरता, इसलिए आता मैं." मग त्यांनी चहा बशीत ओतला. त्यांना बहुधा वाटलं की हे आम्हाला माहीत असेल. तुम्हीच आम्हाला भ्यायला लावलंत आणि मग त्याचा कंटाळा आला म्हणून पाव भाजायला गेलात, हे मला कळायला आणखी पुष्कळ दिवस लागले. कळल्यावर राग आला नाही. फारसं काहीच आलं नाही.

मागच्या आठवड्यात कॉलेजनं मला नव्या बॅचपुढं बोलायला बोलावलं. आता वर्कशॉपमध्ये सहा-सात मुली आहेत. मी सांगितलं, माझे सासरे माझ्यासाठी साठीनंतर विद्यार्थी झाले, सुनेला शिकता यावं म्हणून त्यांनी मैदा मळला. टाळ्या पडल्या. आताच्या प्राचार्यांनी डोळे पुसले. गोष्ट तशी खोटी नाही, निम्मी आहे. उरलेली निम्मी मी तिथं सांगितली नाही, आणि पुढच्या वेळीही सांगणार नाही, कारण ज्या मुलींना घरून सोडत नाहीत त्यांना ही निम्मीच उपयोगाची आहे. पूर्ण गोष्ट मी इथं लिहिली, तुमच्यापुढं, कारण ती तुम्हाला आधीच माहीत आहे.

एक माहीत नसेल. त्या दिवशी बेकरीच्या खिडकीपासून परत फिरताना मी स्वतःला सांगितलं होतं की तुमच्या आनंदात कशाला मध्ये जायचं. ते खरं नव्हतं. ती पोरगी तुम्हाला रागावली आणि तुम्ही हसलात, ते पाहून मला तिचा हेवा वाटला.