पाहुण्यांचं बटण

२३ नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. मी फोन उचलत नाही म्हणून तू चक्क पत्र पाठवलंस, ते शुक्रवारी मिळालं. अक्षर अजून तसंच आहे तुझं, बाईंनी वहीवर शाबासकी लिहावी असं. आई बरी आहे. गुडघ्याचा पट्टा बांधायला सांगितला की विसरते आणि शेजारणीला दाखवायचा असला की बरोबर आठवतो. तिला खिडकीशी खुर्ची लावून दिली आहे, त्यामुळे समोरच्या बिल्डिंगमधली चार घरांची भांडणं आम्हाला घरबसल्या कळतात. तुझ्या लेकीची नोकरी पक्की झाली हे वाचून फार बरं वाटलं. तिला सांग, मावशीने पाठ थोपटली आहे.

तू विचारलं आहेस की प्रदर्शनात नेमकं काय झालं. भावोजी तिथून आल्यापासून जेवणापुरतं तोंड उघडतात, विचारलं तर "गर्दी होती" एवढंच म्हणतात, असं लिहितेस. गर्दी होतीच.

विमान मावेल एवढा मोठा हॉल, आणि त्यात आमच्या ध्वनीच्या धंद्यातली तीनशे दुकानं. मायक्रोफोनवाले, स्पीकरवाले, मिक्सरवाले, नुसत्या वायरी विकणारेसुद्धा. प्रत्येकाच्या फलकावर शांततेची जाहिरात, आणि सगळ्यांचा मिळून असा गोंगाट की शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानात शिरावं लागतं. काळे टीशर्ट घातलेली, पोट सुटलेली माणसं गळ्यात ओळखपत्रं अडकवून फिरतात आणि कुठल्याही खोलीत शिरली की आधी एक टाळी वाजवतात. खोली किती घुमते ते कळायला. बाथरूममध्येही वाजवतात. भावोजींनी तर लिफ्टमध्ये वाजवली. आत एक बाई होती, ती दचकून पुढच्याच मजल्यावर उतरली.

खूश होते ग ते. तीन वर्षांपूर्वी त्यांचा गाणी रेकॉर्ड करायचा स्टुडिओ बंद झाल्यापासून मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. जुनी माणसं येऊन हात हातात घेत होती, "तुम्ही अजून आहात होय?" म्हणत होती, आणि भावोजी "नाही, भूत आहे" म्हणून हसत होते. तू इस्त्री करून दिलेला निळा शर्ट त्यांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला होता. पहिल्या दिवशी आम्ही दोघं जेवायला एकत्र बसलो, त्यांनी तुझ्यासाठी एक पर्सही घेतली. ती दिली असेलच.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात थोडा घोटाळा झाला. यंत्रात बिघाड होता. अशा ठिकाणी व्हायचंच. त्यामुळे जे काम मिळायचं होतं ते मिळालं नाही, इतकंच.

एवढं लिहून मी उठले, आईला चहा करून दिला, आणि परत येऊन वाचलं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? बिघाड वगैरे काही नव्हता. वायर मी काढली होती.

आता नीट सांगते. तूच सप्टेंबरात फोनवर म्हणाली होतीस की हे दिवसभर भिंतीकडे बघत बसतात, एकदा तुमच्या मालकांसमोर त्यांना उभं कर, बाकी ते सांभाळतील. मी उभं केलं. आमची कंपनी नाट्यगृहांमध्ये स्पीकर बसवते, आणि बसवून झाल्यावर प्रत्येक नाट्यगृहात जाऊन कान लावून आवाज जुळवणारा एक जाणता माणूस मालकांना हवा होता. मी भावोजींचं नाव सुचवलं. मालक म्हणाले, प्रदर्शनात आपल्या स्पीकरवर त्यांना बोलू दे, चाळीस पाहुणे असतील, सगळे नाट्यगृहवाले. लोकांना पटले तर काम त्यांचं. म्हणजे सगळं तुझ्या मनासारखं चाललं होतं.

पहिल्या दिवशी दुपारी आम्ही आमच्या स्टॉलसमोर उभे होतो. शेजारच्या स्टॉलवर कुणीतरी माइक स्पीकरसमोर आणला आणि अशी शिट्टी फुटली की डोक्यात सुई शिरावी. सगळ्या रांगेने कानांवर हात ठेवले. समोरच्या चहावाल्याने कप सोडून कान धरले. भावोजी चष्मा पुसत होते. शिट्टी थांबेपर्यंत शांतपणे पुसत होते, मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि सगळ्यांचे हात वर दिसल्यावर आपलेही कानाशी नेले. उशिरा.

मी ते पाहिलं. ताई, त्यांचे कान गेले आहेत. पूर्ण नाही, पण वरचे बारीक स्वर त्यांना मुळीच ऐकू येत नाहीत. ते काम त्यांना करताच येणार नव्हतं. मी त्याच वेळी त्यांना बाजूला घेऊन म्हणू शकले असते की भावोजी, उद्या तब्येतीचं कारण सांगा. मालकांना मी समजावलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. मी त्यांना म्हटलं, उद्या निळा शर्ट घाला.

का, ते तुला माहीत आहे. विसरली असलीस तर आठवण करून देते, तुला विसरणं सोयीचं पडतं. स्टुडिओत एखादा गायक, नाहीतर त्याचा मामा, "आवाजात जरा गोडवा वाढवा" म्हणून मागे लागला की भावोजी मिक्सरच्या कोपऱ्यातलं एक बटण मोठ्या गांभीर्याने अर्धा वेढा फिरवायचे आणि "आता?" म्हणून विचारायचे. "वा, आता कसं बसलं," मामा खूश. त्या बटणाची वायर कुठेच जोडलेली नव्हती. धंद्यात बरेच जण असं एखादं बटण ठेवतात. भावोजी त्याला पाहुण्यांचं बटण म्हणत.

बाविसाव्या वर्षी मी तुझ्याकडे राहून त्यांच्या हाताखाली शिकायला लागले, तेव्हा त्यांनी मला त्या बटणासमोर बसवलं. "आवाजाची धार तू सांभाळ," म्हणाले. मी आठ महिने सांभाळली. कुठल्या गाण्याला किती वेढे दिले ते वहीत लिहून ठेवायचे. रेडिओवर गाणं लागलं की आईला फोन करून सांगायचे, ऐक, यात मी आहे. मग एकदा धूळ काढायला मिक्सर उघडला, आणि मागे चिकटपट्टी गुंडाळलेलं वायरीचं टोक लोंबताना दिसलं. वळून पाहिलं तर सगळे दारात. वादक, दुरुस्तीवाले, फाटकावरचे काकासुद्धा. सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तुलाही. तू डबा घेऊन आली होतीस. तू तर हसून हसून भिंतीला टेकलीस. "रडतेस काय, भावोजी-मेहुणीची थट्टा ती," म्हणालीस. त्या दिवसापासून माझं नाव बटण पडलं. माझ्या लग्नात तोच किस्सा त्यांनी नवऱ्याकडच्या मंडळींना सांगितला, तेव्हाही तू हसलीस.

पुढे त्यांनी मला खरं काम शिकवलं, हे मी नाकारत नाही. आज जे येतं ते त्यांचंच. हात धरून त्यांनीच आणलं मला या धंद्यात.

तर दुसऱ्या दिवशी अकरा वाजता. जाड पडदे लावलेली खोली, चाळीस खुर्च्या, समोर दोन स्पीकर, आणि भावोजींच्या पुढ्यात एकच बटण असलेली पेटी. ते फिरवलं की बारीक स्वर उजळतात, असा आमचा नवा शोध. दहा वाजून पन्नास मिनिटांनी मी पेटीची मागची वायर काढली. ती जोडलेली असती तरी त्यांना फरक ऐकू आला नसता, पण मग ते फक्त मला कळलं असतं. कान गेले आहेत असं सांगितलं असतं तर लोक हळहळले असते, आणि मला हळहळ नको होती.

एका जुन्या गायिकेचं गाणं लागलं. भावोजींनी डोळे मिटले आणि बटण फिरवलं. "बघा, पडदा बाजूला झाला," म्हणाले. "आता श्वास सुटा झाला. आता शब्दांच्या कडा दिसायला लागल्या." अर्ध्या लोकांनी माना डोलावल्या. एक जण टिपून घेत होता. सात मिनिटं ते बोलले, आणि इतकं सुरेख बोलले ताई, की क्षणभर मलाही फरक ऐकू आला.

मग मी पुढे गेले आणि वायरीचं टोक सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. "भावोजी, हे जोडायचं राहिलं," म्हणाले.

सगळ्यांत मोठ्याने हसले ते माना डोलावणारे. भावोजी आधी टोकाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग तेही हसले. शर्टाची बाही खाली ओढत म्हणाले, "मेहुणी आहे माझी. थट्टा करते." कुणीतरी "थापाड्या" म्हणालं. मालक हसले नाहीत. त्यांनी भावोजींना फार नम्रपणे चहा घेऊन जायला सांगितलं.

ते काम आता मी करणार आहे. मालकांनी त्याच दुपारी विचारलं आणि मी हो म्हटलं. हेही तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

तू लिहितेस, "काहीही झालं असलं तरी मोठ्यांची माफी माग." मागितली असती. पण शेवटच्या संध्याकाळी जे झालं त्यानंतर माफीला काही अर्थ उरला नाही. स्टॉल उतरवणं चाललं होतं, सतरंज्या गुंडाळत होते, मी खोक्यांवर नावं लिहीत होते. भावोजी आले आणि माझ्या अगदी समोर उभे राहिले. माझ्या तोंडाकडे बघत होते.

"शिट्टी वाजली तेव्हा तू माझ्याकडे बघत होतीस," म्हणाले.

"हो."

"म्हणजे तुला कळलं. लोकांना वाटू दे मी थापाड्या आहे. थापाड्यांना आपल्या धंद्यात तोटा नाही. पण तुझ्या ताईला कानांचं सांगू नकोस."

मी विचारलं, तिला कळलं तर काय बिघडणार आहे.

"तिचा आवाज बारीक आहे," म्हणाले. "सगळ्यांत आधी तोच गेला. चार वर्षं झाली. ती बोलते, मी तोंडाकडे बघतो, कळलं तर ठीक, नाही कळलं तर हो म्हणतो. ती म्हणते, म्हातारपणी का होईना, नवरा ऐकायला लागला. माहेरच्या बायकांना सांगत असते. तेवढं राहू दे तिला."

ताई, ते रागावले नव्हते. मला ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि मी शब्द दिला. मनापासून दिला. त्यांना गाडीत बसवून आले तोवर मी तो पाळणार होते.

मग तुझं पत्र आलं, "तुला सगळं खरं सांगावंच लागेल" असं शेवटी अधोरेखित केलेलं. तू विचारलंस म्हणून सांगितलं, असं मी म्हणू शकते, पण ते खरं नाही. भावोजींचा आणि माझा हिशेब त्या सात मिनिटांत फिटला. त्यांनी मला फसवलं, पण त्यांना मी परकी होते, बायकोची बहीण. तू माझी होतीस. तू एक शब्द बोलली असतीस तर मी आठ महिन्यांऐवजी आठ दिवसांत उठले असते.

हे पत्र मिळेल त्या संध्याकाळी ते समोर बसले की नेहमीसारखी बोलत बस. काहीही बोल. आणि त्यांचे डोळे कुठे आहेत ते बघ.

तुझी सख्खी,
धाकटी