जोड दिलेला पाटा

१२ नोव्हेंबर, बुधवार

परत बाबांचं तेच. "तू हय आसतंस तर असा झाला नसता." मी असतो तर काय, पाटा तुटायचा थांबला असता? किती वेळा सांगितलं बाबांना — मासळीच्या क्रेटमधून खारं पाणी गळतं ते थेट मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर. रोज गोड्या पाण्याने धुवा. धुतात कधी? होडीला लावायचे तसं माशाचं तेल फासतात वरून. पिकअप आहे ती, होडी नाही. आज फोनवर एवढंच बोललो आणि ठेवून दिला.

आचऱ्याहून कुडाळला माल घेऊन जाताना घाटीच्या वळणावर डावीकडचा पाटा तुटला. मागचं चाक तिरकं झालं, गाडी गटारात. बाबांचा उजवा हात मोडलाय. कपाळाला सहा टाके. बहीण सांगत होती, गाडीत एकटेच होते. तेवढं बरं.

गाडी ओढून मुझफ्फरभायच्या गॅरेजात नेलीय. दुसरीकडे कुठे नेणार, वीस वर्षं आमच्या गाडीला त्याचाच हात.

१३ नोव्हेंबर

डबल पाळी. जहाजावरच्या कंटेनरचे रॉड आवळून खांदे गेले. किशोरीने — बहिणीने — पाट्याचा फोटो पाठवलाय. उघडला नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

उघडला. तुटलाय तो बरोबर जोडावरच. जोड म्हणजे वेल्डिंग. आता लिहूनच टाकतो, इथे गुजरातेत, मुंद्रा बंदरात माझी वही कोण वाचणार आहे.

मे महिन्यात पाट्याला चीर गेली होती. बाबांनी मला नऊ हजार दिले. मुझफ्फरकडे जा, नवीन पाटा टाक, वर एक जादा घाल, बुश बदल, म्हणजे पावसाळा संपल्यावर बर्फासकट माल झेपेल. मी कुडाळला गेलो. गॅरेजात गेलो नाही. खिडक्यांच्या जाळ्या बनवणारा एक जण आहे, त्याच्याकडून चिरेवर वेल्डिंग मारून घेतलं. तीनशे रुपये. तो पण म्हणाला, "पाट्याक जोड धरूचो नाय हां." मी म्हटलं तू मार. वर काळं ऑइल फासलं आणि घरी येऊन सांगितलं — मुझफ्फरभायने सगळं नवीन टाकलं. बाबांनी वाकून बघितलं. माझ्या पाठीवर थाप मारली.

उरलेल्या पैशांत इथलं तिकीट आणि हा मोबाईल. पाच महिने झाले. हे माझं पाचवं काम. हेही सोडावंसं वाटतंय.

खारं पाणी म्हणे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आईचा फोन. बाबा हात गळ्यात बांधून एसटीने कुडाळला गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर मुझफ्फरभायला बोलले. "नव हजार घेतलंस आणि वेल्डिंगचो पाटो मारलंस?" तो म्हणाला, "काकानू, मे म्हयन्यात तुमची गाडी माझ्याकडे इलीच नाय." बाबा त्यावर आणखी भडकले. माझो झिल खोटा बोलता काय, म्हणाले.

आता जेटीवर भेटेल त्याला सांगतायत. शेजारच्या शिवाने आपला टेम्पो त्या गॅरेजातून काढून नेला. आणखी एकाने नेला.

पुढच्या सोमवारी देवळात गाऱ्हाणं घालणार. देवापुढे नारळ ठेवून गुरवाकडून सांगून घ्यायचं — ज्याने हे केलं त्याला सोडू नको. आई म्हणाली, "तू जीवाक लावन घेव नको. देव काय ता बघीत."

बाबा कोणावर गाऱ्हाणं घालतायत हे बाबांना ठाऊक नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मुझफ्फरभायचा फोन. दोनदा उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला. ओरडला नाही. ओरडला असता तर सुटलो असतो.

"विनीत, ता वेल्डिंग खिडकेवाल्याचा. हात वळाखतंय मी तेचो."

मी खोलीबाहेर आलो.

"तुझ्या बापाशीक मी सांगूचंय नाय. सांगलंय तरी झिलापुढे माझा कोण आयकतलो? तू सांग."

मी म्हटलं, गाऱ्हाणं घालतायत ते कळलं ना तुला?

"कळला. घालूंदेत. मीपण जातंय थंय. पायरेर उभो रवान सगळ्यांदेखत म्हणतंय, ह्यात माझो हात आसात तर माका लागूंदे. पण मेल्या, माझो नाय, तुझो आसा. म्हणान फोन केलंय."

मग लगेच कामाचं बोलायला लागला. दोन्ही बाजूंचे पाटे मागवलेत. एकाच बाजूला नवे टाकले तर गाडी एका अंगाला कलते म्हणे. वर एकेक जादा पाटा घालतोय, शॉकपण बदलतोय. बाबांनी त्याला चोर म्हटलंय आणि हा त्यांच्याच गाडीखाली झोपून नट सोडवतोय.

२० नोव्हेंबर

बाबांना फोन लावला. रिंग व्हायच्या आत कापला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बोललो. म्हणजे बाबा बोलले. हात ठणकतो, झोप नाही, डाव्या हाताने जेवतात आणि निम्मं सांडतात. मग म्हणाले, "सोमवारी तुझ्यापण नावान सांगणा करतंय. परमुलखात आसस. त्या चोराक शिक्षा आणि माझ्या झिलाक बरकत, एकाच नारळात. नारळ काय कमी म्हाग झालेत?"

आणि हसले. मी पण हसलो. हसलो मी!

सांगितलं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पाळी सुरू झाल्यावर मी कंटेनरच्या मागे जाऊन उभा राहिलो. किशोरीला फोन लावला. मागे घंटा वाजत होती.

"बाबा खंय?"

"हयच. गुरव इलो आता. ठेव, मगे कर."

"नारळ ठेवलो?"

"हातात आसा तेंच्या. कित्याक?"

"फोन दी तेंका."

"अरे, देवळात आसंव आमी—"

"दी गो, किशोरी. आत्ता दी."

बाबा म्हणाले, "काय रे?"

तीनच वाक्यं झाली. गाडी मुझफ्फरभायकडे नेलीच नव्हती. वेल्डिंग मी मारून घेतलं. पैसे मी खाल्ले. आठवडाभर घोकत होतो तेव्हा बरंच लांब वाटत होतं हे.

तिकडे घंटा चालूच होती. मग गुरवाचा आवाज आला, "महादूनू, नारळ द्या." आणि फोन बंद झाला.

नंतर कितीदा लावला. मुकादमाने अर्धा दिवस कापला. काप.

२५ नोव्हेंबर

कोणी उचलत नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज आईने उचलला. बाबांनी नारळ गुरवाला दिलाच नाही, तसेच बाहेर आले. मुझफ्फरभाय पायरीवर उभा होता. सगळ्या लोकांदेखत त्याला म्हणाले, "वेल्डिंग मीच मारून घेतलंय. पैशे वाचवूक. तुका फुकट बोललंय." आता जेटीवर बाबांनाच लबाड म्हणतात. शिवा बोलत नाही त्यांच्याशी. खरं काय ते घरातल्यांना आणि मुझफ्फरभायला ठाऊक. मी कुठे तोंड उघडायचं नाही, असा निरोप.

"देवासमोर खोटा बोलूक नाय हां तो," आई म्हणाली. "पायरेर बोललो."

माझ्याशी बोलायचं नाहीय त्यांना. पैसेही नको म्हणालेत.

गाडीच्या कामाचे पैसे मुझफ्फरभायच्या नावावर पाठवतोय. जेवणापुरते ठेवून, सतरा हजार चारशे.