विस्तव मागणारे

१९ एप्रिल १९९८, येडगाव

आले एकदाची! एसटीने नारायणगावपर्यंत हाडं खिळखिळी केली, पुढे घरमालक भिमाजीभाऊ मोटारसायकल घेऊन हजर. मागच्या सीटवर मी, मांडीवर घमेलं, चाळणी आणि हातोडी. रस्त्यावरच्या लोकांना बोहारीणच वाटले असेन.

भिमाजीभाऊंच्या आई ठमाबाई. त्यांच्या ओसरीलगतची खोली मला मिळाली आहे. मी माझा स्टोव्ह बाहेर काढला, तर म्हणाल्या की ती फुरफुरी ठेव तिकडं, हितं हायेस तवर आमच्याच चुलीचं खायचं. मग मासवडी, बाजरीची भाकरी, आणि वाढता वाढता पाठीवरून हात. मला आई आठवत नाही. त्या हाताने उगाच भरून आलं.

२१ एप्रिल

कुकडीच्या काठची दरड म्हणजे माझी लॉटरी! वर काळी माती, खाली पिवळी, मध्ये वीतभर पांढराशुभ्र थर. ही सुमात्रातल्या ज्वालामुखीची राख, वाऱ्यावर इथवर आलेली. अंदाजे पाऊण लाख वर्षं झाली. हिमयुगाचा काळ तो. इथे बर्फ नव्हता, पण थंडी आणि कोरडेपणा होता. त्यातून राख पडल्यावर इथल्या हवामानाचं आणि माणसांचं काय झालं, हे शोधायला मी आले आहे.

आज कमरेइतका चर खणला. थराखाली दगडी हत्यारं, भाजलेली माती, कोळशाचे कण सापडले. म्हणजे माणसं इथे शेकत बसली होती. थराच्या वर मात्र हातभर मातीत काही म्हणजे काही नाही. पुन्हा पुन्हा चाळली. काही नाही.

२४ एप्रिल

आज ठमाबाईंशी वाजता वाजता राहिलं. इथल्या बायका भांडी घासायला ही पांढरी माती नेतात आणि त्या जागी आपल्या चुलीची मूठभर राख टाकतात. माझ्या चरातही ठमाबाई रोज दिवेलागणीच्या आत राख टाकत होत्या! माझे नमुने पुण्याला जायचे आहेत. त्यांत चुलीची राख मिसळली तर सगळी मेहनत पाण्यात.

का टाकता विचारलं. म्हणाल्या की खालची माणसं लई गारठून मेली, आजून विस्तव मागत्यात. उघडं भोक दिसलं का वर येत्यात. राख दावली म्हंजे त्यास्नी वाटतं, हितलं बी इझलंय, मग माघारी जात्यात.

मी हसले. समजावलं, पण त्या ऐकेनात. शेवटी शपथ घातली, आजी, माझ्यावर माया असेल तर चराकडे फिरकायचं नाही. त्यांनी पदराला हात पुसले आणि घराकडे वळल्या. मी सगळी राख ब्रशने झाडून नदीत सोडली. चर आता लख्ख आहे. माझंच खरं केलं, तरी जेवताना त्यांच्याकडे बघवेना.

२८ एप्रिल

बाहेर अंगाची लाही होतेय आणि स्वयंपाकघरात डब्यातलं तूप थिजलंय. चूल धड पेटत नाही. लाकडं ओली असावीत.

दिवेलागणीला ओसरीवर कुणी विस्तव मागितला म्हणे. ठमाबाई शेजारीण समजून निखारा घेऊन गेल्या. बाहेर कुणी नव्हतं. उंबऱ्यावर पांढरी पावलं होती. मीच पाय न धुता आले असेन.

३० एप्रिल

ती पावलं माझी नव्हती. माझा पाय ठेवून पाहिला. लहान होती, बोटं फाकलेली.

चूल विझली. स्टोव्हही पेटत नाही. भिमाजीभाऊंनी शेजारून निखारे आणले, ते उंबऱ्यातच काळे पडले. ठमाबाई तीन गोधड्यांत कुडकुडतायत. डॉक्टरांनी थर्मामीटर झटकून झटकून लावला. पारा चढेना. म्हणाले, हा बिघडलाय.

१ मे

चुलीत होती नव्हती ती राख ओच्यात भरून चराकडे पळाले. टाकली. हात जोडले. मी, हात जोडले.

भिमाजीभाऊ म्हणाले की आता काय उपेग न्हाई ताई, ती वर यायच्या आधी दावायची असती. आता त्यांनी चूल बघितली.

ठमाबाईंनी त्यांना गप्प केलं. म्हणाल्या की पोरीला बोलू नगं, तिला काय ठावं.

मला ठाऊक होतं. त्यांनी सांगितलं होतं. देवा, त्यांना वाचव —

३ मे

ठमाबाई गेल्या. वैशाखात, गारठून.

चिता पेटेना. रॉकेल ओतलं, तूप ओतलं. काडीपेटीमागून काडीपेटी. लोक एकेक करून मागे सरकले. शेवटी पुरायचं ठरलं. जमीन दगडासारखी, कुदळ चालेना. खणलेली जागा एकच होती.

माझा चर.

पांढऱ्या थराखाली ठेवलं त्यांना. मीच मारलं —

४ मे

गावात कुठेच धूर नाही. कुत्रंही भुंकत नाही. भिमाजीभाऊ उठत नाहीत. सकाळपासून हाका मारतेय.

पेनातली शाई थिजली, पेन्सिलीने लिहितेय. अंगणात पांढरं पडतंय. वर आभाळ निरभ्र, आणि पांढरं —

थरावरच्या हातभर मातीत काही नव्हतं. आता समजलं, का —

दिवेलागण

ओसरीवर पावलं. एकाच माणसाची. ओळखीची.

पोरी म्हणून हाक. इस्तू हाय का गं म्हणून —

नाही म्हणायचं. राख दाखवायची. माझ्याकडे राख नाही. सगळी मीच — माझ्याकडे ऊब तेवढी आहे, अंगातली —

दार उघडलं नाही मी. आत आल्या तरी.

मागे उभ्या आहेत. रागावल्या नाहीत. पाठीवरून हात फिरवतायत. गार, गार — आणि मला उगाच भरून ये